तळाची फळी

पुस्तक पाण्यात बुडाले की आधी फुगते. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला जुना कागद स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी पितो, अलीकडचा कारखान्यातला कागद ६० टक्क्यांच्या आसपास. रॅकमध्ये गच्च बसवलेली पुस्तके फुगू लागली की त्यांना जागा उरत नाही. फळ्यांच्या बाजू वाकतात, आणि मधली पुस्तके इतकी घट्ट अडकतात की ओढायला जावे तर बांधणी हातात येते आणि पाने मागे राहतात. पुठ्ठ्याची खळ सुटते, कापडाचा रंग शेजारच्या पानात उतरतो. आर्ट पेपरची पाने, म्हणजे दिवाळी अंकांतली रंगीत चित्रे ज्यावर छापतात ती, वाळता वाळता एकमेकांना चिकटून विटेसारखी होतात आणि मग सुटत नाहीत. साध्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. पूर ओसरणे, चिखल उपसणे, पंचनामा होणे, वीज परत येणे या सगळ्यात नेमके तेच दोन-तीन दिवस निघून जातात.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे आणि शिवनदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही त्याने सोडले नाही. चिपळूणकर ज्याला 'लोटिस्मा' म्हणतात ते हे १८६४ पासूनचे वाचनालय. २००५ च्या जुलैतही त्याने हेच सोसले होते. त्यातून उभे राहून २०१३ च्या जानेवारीत त्याने आपल्या गावात ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले, आणि आठ वर्षांनी पुन्हा पाणी आले. कृष्णाकाठी सांगली नगर वाचनालयाचीही पुस्तके २०१९ च्या महापुरात भिजली. या संस्था चालवणारी माणसे बहुतेक विनामोबदला राबतात. त्यांच्याकडे बोट दाखवावे असे या लेखात काही नाही. पण अशा प्रत्येक वेळी आपण जे बोलतो, की निसर्गापुढे कोणाचे काय चालणार, ते मला पटत नाही. पाणी किती चढेल हे नदी ठरवते. त्या पाण्याखाली कोणती पुस्तके असतील हे मात्र कित्येक वर्षे आधी, एखाद्या साध्या दुपारी, मांडणी लावताना ठरलेले असते.

आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या वाचनालयात तळाच्या फळीवर काय असते ते आठवून पाहावे. तिथे कथा-कादंबऱ्या नसतात. त्या डोळ्यांच्या पातळीवर असतात, कारण त्या मागितल्या जातात. तळाशी असतात वृत्तपत्रांच्या बांधीव फायली, जुन्या मासिकांचे खंड, गॅझेटियर, ज्ञानकोशाचे भाग, संस्थानाच्या काळातले अहवाल, दिवाळी अंकांचे वर्षवार बांधलेले गठ्ठे. कारण साधे आहे: हे सगळे आकाराने मोठे आणि वजनाने भारी असते, आणि भारी वस्तू खाली ठेवायची हे कोणालाही कळते. जागा संपली की हाच साठा तळघरात किंवा जिन्याखालच्या खोलीत जातो. आता याच यादीकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. लोकप्रिय कादंबरीची प्रत पुण्यात उद्या विकत मिळते. तालुक्याच्या गावी शंभर वर्षांपूर्वी निघालेल्या साप्ताहिकाची फाईल मात्र बहुधा जगात एवढीच उरलेली असते. म्हणजे जे पुन्हा मिळणार नाही ते पाण्याच्या सर्वांत जवळ, आणि जे सहज मिळेल ते सर्वांत सुरक्षित. कोणी मुद्दाम केलेले नाही. वजनाने आणि सोयीने ते आपोआप घडले आहे, आणि माझ्या मते आपल्या ग्रंथसंग्रहांचा सर्वांत मोठा धोका इथेच आहे.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही, आणि तिचा सर्वांत मोठा पुरावा इटलीतला आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पहाटे आर्नो नदी फ्लॉरेन्स शहरात घुसली. तिथले राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालय १९११ ते १९३५ या काळात अगदी नदीला लागून बांधलेले. त्याच्या तळघरात आणि तळमजल्यावर होते मॅग्लियाबेकी आणि पॅलेटाईन या जुन्या संग्रहांतले मोठ्या आकाराचे ग्रंथ, आणि वृत्तपत्रांचा अवाढव्य संचय. तिथेही आकार आणि वजन यांनीच जागा ठरवली होती. पाण्याबरोबर चिखल आला, आणि घराघरांतल्या उबेसाठी साठवलेले जळाऊ तेल बाहेर पडून त्या चिखलात मिसळले. ग्रंथालयाचा सुमारे एक तृतीयांश साठा त्यात सापडला. जगभरातून तरुण मुले-मुली धावून आली, साखळी करून हातोहात पुस्तके वर काढली. शहराने त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हटले. ग्रंथालयाचे संचालक एमान्युएले कासामासिमा यांनी हे काम उभे केले, आणि इंग्लंडहून ग्रंथबांधणीतज्ज्ञ पीटर वॉटर्स आणि त्यांचे सहकारी आले. आज ओल्या ग्रंथांचे काय करावे याचे जे शास्त्र जगभर शिकवले जाते, त्याचा मोठा भाग त्या चिखलातून वर आला. त्याची किंमतही तिथेच मोजली गेली. पाणी टिपायला पानांत भरलेला लाकडाचा भुसा नंतर कण कण वेचून काढावा लागला. तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांत ग्रंथ वाळवले, तेव्हा जास्त उष्णतेने कित्येक वेडेवाकडे झाले. सांता क्रोचे चर्चच्या संग्रहालयातले वसारीचे 'शेवटचे भोजन' हे चित्र दुरुस्त होऊन लोकांसमोर आले ते २०१६ साली, पुराला पन्नास वर्षे झाल्यावर.

त्या रात्रीची एक गोष्ट मला पुराच्या उंचीपेक्षा जास्त बोलकी वाटते. ४ नोव्हेंबर हा इटलीत सुट्टीचा दिवस होता, त्यामुळे सगळे बंद. पाँते वेक्कियो या जुन्या पुलावर सोनारांची दुकाने आहेत. नदी चढते आहे हे पाहून तिथल्या रखवालदाराने रात्रीच सोनारांना फोन केले, आणि कित्येकांनी येऊन आपला माल उचलून नेला. शहर तेच, नदी तीच, आणि हाताशी वेळही तेवढाच. फरक इतकाच की सोनारांच्या रखवालदाराला कोणाला फोन करायचा हे माहीत होते, आणि फोन घेणाऱ्याला काय उचलायचे हे माहीत होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: असा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो, त्याच्यासाठी रोजची घडी कशाला विस्कटायची? सांगलीकरांना हे सांगून पाहावे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ साली पाणी त्याच्या कितीतरी वर गेले. २०१९ साली ५७ फुटांच्या पुढे जाऊन त्याने २००५ चा उच्चांक मोडला. २०२१ साली ते पुन्हा पन्नाशीपलीकडे होते. सोळा वर्षांत तीन महापूर. फ्लॉरेन्समध्ये तर भिंतींवर जुन्या पुरांच्या खुणांच्या पाट्या लावलेल्या होत्या. १३३३ सालचा महापूरही ४ नोव्हेंबरलाच आला होता आणि १५५७ सालीही शहर बुडाले होते. पाट्या वाचत असलेल्या शहराने नदीकाठी ग्रंथालय बांधले आणि जुने ग्रंथ तळघरात ठेवले. सांगली, कोल्हापूर, चिपळूण, महाड या गावांत पाणी कुठवर आले होते हे प्रत्येक घर सांगते. वाचनालयाच्या भिंतीवरही ती रेघ असते. प्रश्न एवढाच की त्या रेघेखाली आज काय ठेवले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जड खंड वर ठेवले तर मांडणी कोसळेल, आणि छप्पर गळले किंवा आग लागली तर वरचेच आधी जाईल. दोन्ही खरे आहे. वाड्यात भरलेल्या वाचनालयाचा लाकडी मजला फायलींचे ओझे पेलेलच असे नाही, आणि अभियंत्याला विचारल्याशिवाय ते ओझे वर चढवू नये. आगीचे म्हणाल तर जर्मनीतल्या वायमार इथे २ सप्टेंबर २००४ रोजी डचेस आना आमालिया ग्रंथालयाचे वरचे मजले जळाले. सुमारे ५०,००० ग्रंथ गेले आणि ६२,००० आगीने-पाण्याने खराब झाले. तो साठा अवघ्या काही आठवड्यांत नव्या भांडारात हलवायचा होता. म्हणून 'सगळे वर न्या' हा माझा सल्ला नाही. प्रत्येक इमारतीला स्वतःचा एक शत्रू असतो. नदीकाठच्या इमारतीत तो खालून येतो, कौलारू इमारतीत वरून, आणि जुन्या वायरिंगच्या इमारतीत भिंतीच्या आतून. एकमेव प्रत असलेली पुस्तके त्या शत्रूपासून जिथे सर्वांत लांब राहतील ती जागा शोधायची. ती बहुतेकदा मधली असते. तळाच्या फळीवर मग काय ठेवायचे? ज्या कादंबऱ्यांच्या चार-चार प्रती आहेत त्या, किंवा काहीच नाही. विटांवर उचललेली आणि मुद्दाम रिकामी सोडलेली तळाची फळी दिसायला ओकीबोकी वाटते, पण पावसाळ्यात तिच्याइतकी उपयोगी जागा दुसरी नाही.

आगीचा विषय निघाला म्हणून एक सांगायला हवे: ग्रंथालयातली आग संपते तेव्हा तिचा पूर झालेला असतो. लेनिनग्राडच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला फेब्रुवारी १९८८ मध्ये आग लागली. सुमारे चार लाख ग्रंथ जळाले, पण त्याच्या कितीतरी पट ग्रंथ बंबांच्या पाण्याने भिजले. शहरातल्या लोकांनी ओली पुस्तके घरी नेऊन दोऱ्यांवर आणि चुलींजवळ वाळवली आणि परत आणून दिली. लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एप्रिल १९८६ मध्ये चार लाख पुस्तके जळाली, आणि धुराने-पाण्याने खराब झालेली सात लाख. ओली पुस्तके तिथे अन्नपदार्थांच्या गोठवणगृहांत नेऊन ठेवली. केप टाऊन विद्यापीठाच्या जॅगर ग्रंथालयात १८ एप्रिल २०२१ रोजी डोंगरावरचा वणवा शिरला आणि वाचनकक्ष राख झाला. आगरोधक दारे वेळेवर खाली पडली म्हणून तळघरातला दुर्मीळ साठा ज्वाळांपासून वाचला. मग त्याच तळघरात विझवण्याचे पाणी उतरले.

म्हणूनच छतात पाण्याचे फवारे बसवायला ग्रंथपाल घाबरतात, आणि ती भीती समजण्यासारखी आहे. पण तिच्या मुळाशी सिनेमात पाहिलेले दृश्य आहे, जिथे एका काडीच्या धुराने सगळ्या छतातून पाऊस पडतो. प्रत्यक्षात प्रत्येक तोटीच्या तोंडाशी काचेची छोटी कुपी असते. साधारण ६८ अंशांना ती फुटते, आणि फक्त तिच्याच तोटीतून पाणी येते. धुराने ती फुटत नाही, शेजारचीही फुटत नाही. एका तोटीचे पाणी बंबाच्या जोरदार पाइपपुढे कितीतरी कमी असते, आणि आग छोटी असतानाच ते पडते. भिजणार की नाही असा निवडीचा प्रश्न इथे नाहीच. एक कपाट भिजू द्यायचे की सगळी इमारत, हा प्रश्न आहे.

मोठ्या पैशाची यंत्रणा हवी हे मी नाकारत नाही. रिओ दी जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ रोजी जळाले, वायमारच्या बरोबर चौदा वर्षांनी. दोन कोटींच्या आसपास वस्तूंच्या संग्रहाचा फार मोठा भाग गेला, त्यात आज कोणी बोलत नाही अशा आदिवासी भाषांची ध्वनिमुद्रणेही होती. दुरुस्तीचे आणि अग्निसुरक्षेचे पैसे जूनमध्ये मंजूर झाले होते, हातात पडायचे होते. बंब आले तेव्हा जवळच्या नळांना पुरेसे पाणी नव्हते. वाचले ते वेगळ्या इमारतीत असलेले ग्रंथालय आणि वनस्पतींचा संग्रह. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे भाड्याच्या इमारतीत जळून गेले. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळाल्या. नायट्रेट फिल्म स्वतःच प्राणवायू सोडत जळते, पाण्याखालीही विझत नाही, म्हणून ती थंड, हवेशीर आणि इतर सगळ्यांपासून तोडलेल्या जागीच ठेवावी लागते. मुंबईत मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत पाच माणसे गेली. कागदाआधी माणूस, हे वेगळे सांगायला नको. पण आपत्तीची योजना लिहिताना पहिले पान तेच असते: माणसांनी कोणत्या जिन्याने बाहेर पडायचे, आणि कुठे कोणी परत आत जायचे नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक वाचनालये हजारोंच्या घरात आहेत, 'अ' पासून 'ड' वर्गापर्यंत. 'ड' वर्गाच्या वाचनालयाला ग्रंथपालाचे मानधन निघता निघत नाही, तिथे आपत्ती व्यवस्थापन कुठून आणायचे? माझे म्हणणे आहे की पुराच्या बाबतीत तरी सर्वांत उपयोगी गोष्टी सर्वांत स्वस्त आहेत. फळीखाली दोन विटा. रॅकवर टाकायला जाड प्लास्टिकच्या कागदाची एक गुंडाळी. भाजीचे किंवा द्राक्षांचे वीस-पंचवीस प्लास्टिक क्रेट, कारण ओले पुस्तक पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले तर खोका तळातून सुटतो. कोरा न छापलेला कागद, कारण छापील रद्दीची शाई ओल्या पानावर उतरते. बॅटऱ्या, रबरी मोजे. आणि दाखल नोंदवहीची एक नक्कल दुसऱ्या घरी, गावाच्या उंच भागात. नोंदवहीच बुडाली तर काय गेले हेही कोणाला सांगता येत नाही, आणि भरपाईच्या अर्जात लिहायला 'अंदाजे' एवढाच शब्द उरतो. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला करून कपाटे उलथवली, तेव्हाही पसाऱ्यातून काय आहे आणि काय नाही हे सांगू शकणारी गोष्ट यादीच होती.

एक वस्तू मात्र पैशाने नव्हे तर ओळखीने मिळते, ती म्हणजे गोठवणगृह. ओले पुस्तक उघडायचे नाही, दाबायचे नाही, उन्हात पसरायचे नाही. मिटलेल्या स्थितीत वरचा चिखल स्वच्छ पाण्याने धुवायचा, कागदात गुंडाळायचे आणि क्रेटमध्ये कण्याकडची बाजू खाली करून एकाच थरात उभे ठेवायचे. मग ते गोठवायचे. गोठल्यावर बुरशी थांबते, शाई पसरत नाही, आर्ट पेपर चिकटत नाही. दोन दिवसांची मुदत दोन वर्षांची होते आणि एकेक पुस्तक सवडीने वाळवता येते. सांगली-तासगाव भागात बेदाण्यासाठी शीतगृहे आहेत, पण ती शून्याच्या वरच्या तापमानाची. तिथे बुरशी मंदावेल, थांबणार नाही. खरी गोठवण हवी तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या मासळी-प्रक्रिया कारखान्यांत ती आहे. चिपळूणपासून ते अंतर काही तासांचे. पण पुराच्या दुसऱ्या दिवशी अनोळखी कारखान्याला फोन करून 'आमची चिखलाने भरलेली पुस्तके ठेवून घ्या' म्हणणे जमत नाही. मे महिन्यात, मासेमारीचा हंगाम संपत आला असताना, जाऊन बोलावे लागते. ही बोलणी एका वाचनालयाने करण्यापेक्षा जिल्हा ग्रंथालय संघाने सगळ्यांसाठी केली तर खर्च एका चहाचा आहे.

'सगळे स्कॅन करून टाका, मग बुडू दे की जळू दे' असे हल्ली फार ऐकू येते. स्कॅन करायलाच हवे, आणि तळाच्या फळीपासून सुरुवात करायला हवी. पण बहुतेक ठिकाणी स्कॅनिंग मागणी असलेल्या किंवा दिसायला सुंदर असलेल्या ग्रंथांपासून सुरू होते, वृत्तपत्रांच्या फायली शेवटी येतात आणि तिथवर निधी संपतो. ज्या हार्ड डिस्कवर चित्रे साठवतात ती त्याच इमारतीतल्या तळमजल्याच्या टेबलावर असते. शिवाय चित्रात मजकूर येतो, वस्तू येत नाही. कागदाचा पोत, शाईचा घटक, समासात कोणी कधी लिहिले, पोथीचे कोणते पान नंतर जोडले, हे मूळ वस्तूच सांगते. नवे तंत्र आले की मूळ पुन्हा वाचता येते, स्कॅन तेवढाच राहतो जेवढा काढला त्या दिवशी होता.

आणि शेवटचा, थोडा हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न: त्या फायली वाचतो कोण? रोज कोणी नाही. एखाद्या गावात धरण कधी ठरले, साथीत किती माणसे गेली, मुलींची पहिली शाळा कोणी अडवली आणि कोणी चालवली, हे कोणाला शोधायचे असते तेव्हा त्या फायलीशिवाय दुसरीकडे जायला जागा नसते. आपल्या पूर्वीच्या लेखकांना हे पक्के कळत होते. पोथी नकलून झाली की लेखनिक शेवटच्या पानावर वाचकाला विनवीत असे, की हिला पाण्यापासून जप, तेलापासून जप, आणि सैल बांधणीपासूनही जप. सैल बांधणी त्या यादीत का आहे हे ओली पुस्तके हाताळणाऱ्याला लगेच कळते. फळ्यांमध्ये दाबून, बासनात घट्ट बांधलेल्या पोथीच्या कडा भिजतात, मधली पाने बरीचशी कोरडी निघतात. त्यात वेखंडाचे तुकडे ठेवण्याची रीत कसरीसाठी होती. नकलून झालेल्या पोथीला कशाकशाची भीती आहे, याची नोंद पोथीच्याच अंगावर असे.

तशी नोंद वाचनालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवता येते, एका पानाची. वरती नदीची ती पातळी, जिच्यापलीकडे गेल्यावर हलवाहलव सुरू करायची. खाली पाच जणांचे फोन, ज्यांच्यातले दोघे तरी गावाच्या उंच भागात राहतात, आणि किल्ली कोणाकडे आहे ते. मग पहिल्या तासात उचलायच्या पन्नास गोष्टी, फळीच्या क्रमाने, अंधारातही सापडतील अशा. पन्नासच, कारण पाणी चढत असताना दोन माणसांना तेवढेच उचलता येते, आणि त्या पन्नास कोणत्या हे ठरवताना समितीत भांडण होणार असेल तर ते मे महिन्यात झालेले बरे. शेवटी गोठवणगृहाचा फोन आणि यादी शेवटची तपासल्याची तारीख. ती तारीख दरवर्षी मृगापूर्वी बदललेली असावी.